लाच इथे, दंड तिथे

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने एक पत्र प्रसिद्ध केले. बोस्टन येथील लिबर्टी म्युच्युअल या विमा कंपनीवर खटला भरायचा नाही, असे त्यात कळवले होते. खटला न भरण्याची बातमी मुद्दाम कोण वाचतो? आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींपैकी एकानेही ती वाचली नव्हती. आम्ही मात्र ते पत्र दोनदा वाचले, कारण त्यातली लाच भारतात दिली गेली होती आणि ती घेणारे होते सरकारी बँकांचे अधिकारी. आमची सारी नोकरी सरकारी बँकेत गेली आहे.

पत्रातली हकीकत थोडक्यात अशी. २०१७ ते २०२२ या काळात या कंपनीच्या भारतातील उपकंपनीने सहा सरकारी बँकांच्या अधिकाऱ्यांना मिळून सुमारे १४ लाख ७० हजार डॉलर दिले. आपल्या हिशेबाने बारा कोटी रुपयांच्या वर. अधिकाऱ्यांनी करायचे काम एवढेच, की बँकेच्या ग्राहकांना या कंपनीचा विमा घ्यायला पाठवायचे. पैसे मध्यस्थांच्या हातून फिरवले आणि वहीत ‘मार्केटिंग खर्च’ म्हणून दाखवले. त्यातून सुमारे ९२ लाख डॉलरचा धंदा आणि ४७ लाख डॉलरचा नफा झाला. मार्च २०२४ मध्ये कंपनीने स्वतः होऊन न्याय खात्याला हे कळवले, तपासाला साहाय्य केले आणि झालेला नफा भरून टाकला. त्या बदल्यात खटला नाही.

बँका कोणत्या, ते पत्रात लिहिलेले नाही. अधिकारी कोण, तेही नाही.

ज्यांनी बँकेच्या काउंटरच्या आतली बाजू पाहिलेली नाही त्यांना ही रक्कम कशाची, हे चटकन समजणार नाही. बँका विमा कंपन्यांच्या अधिकृत एजंट असतात आणि त्याचे कमिशन बँकेला मिळते. हा व्यवहार उघड आणि कायदेशीर आहे. बँकेच्या कर्मचाऱ्याला मात्र विमा कंपनीने रोख किंवा वस्तुरूपात काहीही द्यायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. नियमाचे कारणही साधे आहे. गृहकर्जाची फाइल घेऊन बसलेला माणूस समोरच्या अधिकाऱ्याला नाही म्हणू शकत नाही. मार्च जवळ आला की टार्गेटचे फोन सुरू होत आणि कर्जाच्या कागदांत विम्याचा फॉर्म आधीच लावलेला असे. “साहेब, हे घ्यायलाच पाहिजे का?” असे ग्राहक विचारी. प्रामाणिक उत्तर ‘नाही, तुमची मर्जी’ असे होते. आम्ही ते प्रत्येक वेळी तितक्याच मोठ्या आवाजात दिले, असे छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. ते दडपण वरून येणाऱ्या टार्गेटचे होते. पण त्याच टेबलाखालून कोणी पाकीट सरकवत असेल, तर ग्राहकाला मिळणारा सल्ला विकत घेतलेला असतो आणि त्याची किंमत ग्राहकाच्याच प्रीमियममधून वसूल होते.

आता प्रश्न असा, की आपल्या बँकांतली ही गोष्ट आपल्याला वॉशिंग्टनहून का कळावी?

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. वॉटरगेट प्रकरणानंतर अमेरिकेच्या रोखे आयोगाने (आपल्या सेबीसारखी ही संस्था) कंपन्यांच्या वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा चारशेहून अधिक कंपन्यांनी मिळून ३० कोटी डॉलरच्या वर संशयास्पद रकमा दिल्याचे कबूल केले. लॉकहीड या विमान कंपनीच्या लाचेपायी जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना १९७६ मध्ये अटक झाली. या नामुष्कीतून डिसेंबर १९७७ मध्ये परदेशी लाचखोरीविरुद्धचा अमेरिकी कायदा आला. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एफसीपीए’ म्हणतात. त्याचे दोन भाग आहेत. परदेशी सरकारी माणसाला धंद्यासाठी लाच देणे हा गुन्हा, हा पहिला. अमेरिकी शेअर बाजाराशी संबंधित कंपनीने आपल्या हिशेबाच्या वह्या खऱ्या ठेवल्या पाहिजेत, हा दुसरा. वृत्तपत्रे पहिल्या भागावर लिहितात. आमच्या मते खरा धाक दुसऱ्या भागाचा आहे, कारण लाच घेताना साक्षीदार नसतो, पण पैसा कंपनीतून बाहेर पडला की त्याला कुठले तरी व्हाउचर लागतेच. शिवाय या कायद्याच्या लेखी सरकारी मालकीच्या बँकेतला किंवा कारखान्यातला कर्मचारीही ‘परदेशी सरकारी अधिकारी’ ठरू शकतो. म्हणून आपल्या सहा बँका त्या पत्रात आल्या.

पहिली वीस-पंचवीस वर्षे हा कायदा बराचसा कागदावरच राहिला. आम्हीच का बांधून घ्यायचे, ही अमेरिकी कंपन्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. परदेशात दिलेली लाच जर्मनीत १९९९ पर्यंत खर्च म्हणून दाखवून करात सवलत घेता येत असे. मग १९९७ मध्ये श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने लाचविरोधी करार केला आणि कायद्याला दात आले. २००८ मध्ये जर्मनीच्या सीमेन्सने अमेरिकेत ८० कोटी डॉलर भरले आणि जर्मनीतले धरून एकूण सुमारे १६० कोटी. त्या कंपनीत रोख रकमेची चक्क खिडकी होती. कर्मचारी रिकामी सुटकेस घेऊन येत आणि दहा लाख युरोपर्यंत रक्कम भरून नेत. आमच्या काळात पन्नास हजारांची रोकड काढायला दोन सह्या लागत, म्हणून हे वाक्य वाचून हसावे की कपाळाला हात लावावा ते कळेना. पुढे आकडे वाढतच गेले. २०२० मध्ये एअरबसने फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका मिळून ३६० कोटी युरो भरले, तर मलेशियाच्या सरकारी निधीच्या प्रकरणात गोल्डमन सॅक्सने २९० कोटी डॉलरच्या वर.

या मोठ्या प्रकरणांत एक गोष्ट सारखी दिसते. खटला शेवटपर्यंत चालतच नाही. कंपनी चूक मान्य करते, दंड भरते, सुधारणेची हमी देते आणि सरकार खटला लांबणीवर टाकते किंवा भरतच नाही. दंड भागधारकांच्या खिशातून जातो आणि व्यक्ती क्वचितच तुरुंगात जातात. ही पद्धत आम्हाला पूर्ण पटत नाही. पण तिच्यामुळे एक फायदा झाला. कबुलीजबाबाची कागदपत्रे सर्वांना वाचायला खुली झाली, आणि भारतात काय चालते त्याचे इतके तपशील आपल्या कुठल्याही सरकारी अहवालात आम्ही वाचलेले नाहीत.

उदाहरणे पाहा. डियाजियो या दारू कंपनीने २०११ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलर भरले. त्यात भारतात दारूची खरेदी आणि विक्रीची परवानगी ज्यांच्या हाती होती, अशा सरकारी माणसांना दिलेल्या १७ लाख डॉलरचा हिशेब होता. हिमाचल प्रदेशातील बद्दी येथील कॅडबरीच्या कारखान्याचे परवाने मिळवण्यासाठी नेमलेल्या एजंटाला ९० हजार डॉलर गेले. तो एजंट त्या पैशाचे काय करतो, हे कोणी तपासले नाही. त्याबद्दल २०१७ मध्ये १ कोटी ३० लाखांचा दंड झाला. संगणक क्षेत्रातील ओरॅकलच्या प्रकरणात (२०२२, दंड २ कोटी ३० लाख) भारतातल्या विक्री कर्मचाऱ्यांनी रेल्वे मंत्रालयाच्या मालकीच्या एका कंपनीशी व्यवहार करताना दाखवायला भरमसाट सवलत मागून घेतली आणि मधला फरक बाजूला काढला. त्यांच्यापैकी एकाने रीतसर तक्ता ठेवला होता. त्यात एका अधिकाऱ्यासाठी ६७ हजार डॉलर ‘बफर’ म्हणून मांडले होते. गोष्ट लाचेची, पण हिशेब चोख.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाची मोठी योजना जपानच्या कर्जातून आपल्याकडे आली, हे सर्वांना आठवत असेल. रस्ते खणून ठेवलेले तर आठवतीलच. त्या योजनेचे सल्लागार म्हणून ज्या कंपन्यांच्या गटाला काम मिळाले, त्यात न्यू जर्सीची लुई बर्जर ही कंपनी होती. जुलै २०१५ मध्ये या कंपनीने अमेरिकेत कबूल केले, की भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि कुवेतमध्ये मिळून तिने ३९ लाख डॉलरची लाच दिली. त्यातल्या गोव्याच्या कामासाठीचा आकडा ९,७६,६३० डॉलर असा मांडला होता, म्हणजे त्या वेळच्या दराने सहा कोटींच्या वर. भागीदार कंपन्यांनी कामाबरोबर लाचेचाही वाटा वाटून घेतला होता. वहीत नावे होती ‘मार्केटिंग फी’, ‘कमिटमेंट फी’, ‘फील्ड ऑपरेशन खर्च’. लिबर्टीच्या पत्रातला ‘मार्केटिंग खर्च’ वाचला तेव्हा आम्हाला हाच शब्द आठवला. ज्यांनी बँकेत इन्स्पेक्शन केले आहे ते सांगतील, की ‘संकीर्ण’ आणि ‘प्रसिद्धी’ ही दोन खाती आधी उघडून पाहायची असतात.

कंपनीने १ कोटी ७१ लाख डॉलर दंड भरला. तिच्या दोन माजी अधिकाऱ्यांनी गुन्हा मान्य केला. भारताचे काम पाहणाऱ्याला वर्षभरात, जुलै २०१६ मध्ये, एक वर्ष आणि एक दिवसाची कैद झाली. इकडे अमेरिकेतली कबुली छापून आल्यावरच गुन्हा नोंदला गेला, माजी सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना अटक झाली आणि माजी मुख्यमंत्र्यांना अटकपूर्व जामीन घ्यावा लागला. दोघांनीही आरोप नाकारले. कोण दोषी, हे आम्ही ठरवणार नाही, ते न्यायालयाचे काम. आम्हाला बोचते ते एवढेच, की देणाऱ्याच्या देशात प्रकरण वर्षात मिटले आणि घेणाऱ्याच्या देशात त्याची फाइल पुढे कित्येक वर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. आणि दंडाचे पैसे? ते अमेरिकेच्या तिजोरीत गेले. कर्ज गोव्याच्या डोक्यावर, पाण्याचे बिल आपल्या दारात.

दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, सीडीएम स्मिथ ही दुसरी कंपनी पुढे आली. तिच्या भारतातील शाखेने महामार्गांच्या कामांसाठी सुमारे ११ लाख ८० हजार डॉलर आणि गोव्यातल्या एका पाणी प्रकल्पासाठी २५ हजार डॉलर दिले होते. तिनेही स्वतः होऊन सांगितले, नफा परत केला आणि लिबर्टीला मिळाले तसेच पत्र मिळवले. त्या २५ हजारांबद्दल गोव्यात किती चर्चा झाली, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

अदानी समूहाच्या प्रकरणाबद्दल सभासद हमखास विचारतात, म्हणून एक खुलासा. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जाहीर झालेल्या आरोपपत्रात गौतम अदानी यांच्यावरचे आरोप गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचे होते. एफसीपीएखालचा आरोप त्याच प्रकरणातल्या इतर व्यक्तींवर होता. समूहाने सर्व आरोप नाकारले. चहाच्या टेबलावर या दोन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते.

खरी उलथापालथ २०२५ मध्ये झाली. १० फेब्रुवारीला अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून एफसीपीएखालची नवी प्रकरणे १८० दिवसांसाठी थांबवली. या कायद्यामुळे अमेरिकी कंपन्या परदेशी स्पर्धेत मागे पडतात, हे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद १९८० मध्ये ऐकला असता तर आम्ही मान हलवली असती. आज सर्वांत मोठ्या दंडांची यादी काढली तर तीत बहुतेक कंपन्या अमेरिकेबाहेरच्या आहेत. म्हणजे कायद्याचा मार स्पर्धकांनाच अधिक बसला होता.

त्या आदेशाचा पहिला ठळक परिणाम भारताशी निगडित प्रकरणातच दिसला. कॉग्निझंट या कंपनीने चेन्नईतल्या आपल्या संकुलाच्या परवान्यासाठी तमिळनाडूतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याला २० लाख डॉलर पोचवायला बांधकाम कंत्राटदाराला सांगितले, असे रोखे आयोगाचे म्हणणे होते. कंत्राटदाराला ते पैसे वाढीव कामाच्या बिलांतून परत मिळायचे होते. पुण्यातल्या आणि सिरुसेरीच्या बांधकामांसाठीच्या रकमा धरून आकडा सुमारे ३६ लाखांवर जात होता. कंपनीने २०१९ मध्ये, आरोप मान्य किंवा अमान्य न करता, अडीच कोटी डॉलर भरले. दोन माजी उच्चाधिकाऱ्यांवर मात्र फौजदारी खटला होता. त्यांनी आरोप नाकारले होते. सुनावणी तोंडावर आली असताना, एप्रिल २०२५ मध्ये, सरकारनेच खटला मागे घेतला. तमिळनाडूतला तो अधिकारी कोण, हा प्रश्न त्या न्यायालयात कधी तरी विचारला गेला असता. आता नाही.

९ जूनला नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. आता भर कशावर? गुन्हेगारी टोळ्यांशी लागेबांधे असलेली लाच, अमेरिकी कंपनीचे कंत्राट हिरावून घेणारी लाच, संरक्षण आणि खनिजांसारखी क्षेत्रे. नेहमीच्या छोट्या देवघेवीकडे फारसे लक्ष द्यायचे नाही. लिबर्टीचे पत्र त्यानंतर दोन महिन्यांनी आले, म्हणजे कायदा अगदीच झोपला नाही. पण ते प्रकरण कंपनीने आधीच्या सरकारच्या काळात कबूल केलेले होते. पकडले जाण्याची भीती असते तेव्हाच माणूस स्वतः होऊन सांगायला येतो. ही भीती उतरली, तर असे पुढचे पत्र कदाचित लिहिलेच जाणार नाही. आमची चिंता ती आहे.

काही गोष्टी मात्र लक्षात ठेवायला हव्यात. कायदा रद्द झालेला नाही, तो फक्त तिथली संसदच रद्द करू शकते. लाचेच्या गुन्ह्याची मुदत पाच वर्षांची आणि हिशेबाच्या काही गुन्ह्यांची सहा वर्षांची आहे, तर अध्यक्षाची कारकीर्द चार वर्षांची. जाणते वकील आपल्या कंपन्यांना हेच सांगत असतील. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने आणखी एक कायदा केला. त्यानुसार अमेरिकी कंपनीकडून लाच मागणारा परदेशी अधिकारीही तिथे गुन्हेगार ठरतो. तो वापरला गेला तर टेबलाच्या या बाजूच्यांचीही नावे पुढे येतील. युरोपही गप्प नाही. मार्च २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांनी मिळून लाचखोरीविरुद्ध एक संयुक्त पथक नेमले. ब्रिटनचा २०१० चा कायदा तर अधिक कडक आहे. कंपनीने लाच रोखण्याची पुरेशी व्यवस्था ठेवली नव्हती, एवढ्यावरही तिला धरता येते.

आणि आपण? ओईसीडीच्या करारात भारत नाही. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचे विधेयक २०११ मध्ये लोकसभेत आले आणि ती लोकसभा संपली तेव्हा बारगळले. आपल्या कंपन्या आता आफ्रिकेत, आखातात, बांगलादेशात कंत्राटे घेतात, तेव्हा हे केवळ घेणाऱ्यांच्या बाजूचे दुखणे राहिलेले नाही. देशातल्या लाचेसाठी १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहे. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणारा आणि त्याची कंपनी यांनाही त्यात स्पष्टपणे आणले, ही चांगली गोष्ट. त्याच दुरुस्तीने अधिकाऱ्याच्या कामकाजातील निर्णयांबद्दल चौकशी सुरू करण्याआधी वरून मंजुरी घेण्याची अटही घातली. प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण हवे, हे आम्ही नोकरीत असताना फार वेळा म्हटले आहे, खराब कर्जांच्या प्रकरणांत तर नक्कीच. पण विमा कंपनीच्या मध्यस्थाकडून आलेली रक्कम हा कामकाजातला निर्णय कसा होईल?

सहा बँकांच्या त्या प्रकरणात म्हणूनच आपल्याकडे करण्यासारखे बरेच आहे, आणि ते अवघडही नाही. लाच घेण्याच्या गुन्ह्याला आपल्या कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे खटला भरण्याची मुदत टळली असे म्हणता येणार नाही. फौजदारी प्रकरणांत एकमेकांना माहिती देण्याचा भारत-अमेरिका करार २००१ मध्ये झाला आणि २००५ पासून लागू आहे. कंपनीने तपासात दिलेली नावे, मध्यस्थांची खाती आणि तारखा वॉशिंग्टनच्या फायलीत असणार, आणि आपले सरकार त्या मागू शकते. प्रत्येक बँकेत दक्षता विभाग आहे. २०१७ ते २०२२ मध्ये कोणत्या शाखांतून या एका कंपनीच्या पॉलिसी एकाएकी वाढल्या, हे संगणकावरून काढायला आमच्या अंदाजाने एक दुपार पुरेल.

गेल्या महिन्यात मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी आपल्या जुन्या गृहकर्जाचे कागद आम्हाला दाखवायला आणले होते. कर्ज फिटून दोन वर्षे झाली. फाइलमध्ये तीन वर्षांच्या विम्याच्या पावत्या निघाल्या, घराचा एक आणि अपघाताचा एक. अपघाताचा कशासाठी घेतला, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, “मॅनेजरसाहेबांनी सही कर म्हटले, केली.” कंपनी दुसरीच होती, आणि त्यात काही गैर झाले असेल असे मानायला आधार नाही. आम्ही पावत्या परत फाइलला लावल्या आणि त्यांना चहा दिला.